माणूस वाईट नाही, धंदा वाईट

आईचं एक वाक्य मी गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं डोक्यात घेऊन फिरतो आहे. ‘माणूस वाईट नाही रे, धंदा वाईट आहे.’ हे ती ज्याच्याबद्दल म्हणायची तो अंबरनाथला आमच्या चाळीच्या मागे, नाल्यापलीकडे राहायचा. त्याचं नाव इथे नको. सगळे त्याला ‘भाऊ’ म्हणत, मीही तेच म्हणतो. धंदा हातभट्टीच्या दारूचा. माल मलंगगडाच्या पायथ्याकडून पहाटे यायचा, ट्रकच्या ट्यूबमध्ये भरून. फुगलेल्या काळ्या ट्यूब सायकलला लटकवून माणसं अंधारात चालत यायची, आणि आम्हा पोरांना त्या म्हशीच्या पिल्लांसारख्या दिसायच्या.

ही १९७८-७९ची गोष्ट. दारूबंदी तोवर बरीच सैल झाली होती, देशी दारूची सरकारमान्य दुकानं निघाली होती. पण दुकानातल्या बाटलीवर कर होता, ट्यूबवर नव्हता. शिवाय बंदीच्या वीस-पंचवीस वर्षांत जो माल, जे रस्ते, जी माणसं आणि जे हप्ते बसले होते, ते काही एका सरकारी आदेशाने उठून जाणार नव्हते. भाऊ त्या वीस-पंचवीस वर्षांचा वारस होता.

आमचे वडील विमकोत, काड्यापेटीच्या कारखान्यात. पगाराच्या दिवशी ते भाऊकडे जायचे, इतर दिवशी सहसा नाही. मग एक वर्ष त्यांना क्षय झाला, सहा महिने घरी बसले, आणि त्या सहा महिन्यांत आमच्याकडे धान्य आलं, माझी शाळेची फी भरली गेली. पाठवणारा भाऊ होता. परत मागितलं नाही. आईचं वाक्य तेव्हापासूनचं.

त्याच वर्षी भाऊने आमच्या परटाचा उजवा हात मोडला. हा परीट दिवसा इस्त्री करायचा, संध्याकाळी भाऊच्या अड्ड्यावर ग्लास भरायला बसायचा. मुलगा तापाने फणफणला म्हणून त्याने गल्ल्यातले साठ रुपये काढले, सांगितलं नाही. भाऊने त्याला सकाळी सातला नळावर गाठलं. सातला, कारण तेव्हा पाणी यायचं आणि दोन्ही चाळींतली माणसं हंडे घेऊन रांगेत असायची. लोखंडी पाइप होता. दोन फटके. मग भाऊने स्वतः रिक्षा बोलावली, त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, प्लास्टरचे पैसे दिले, आणि मुलाच्या औषधाचेही.

मी रांगेत होतो. माझ्या हातात घागर होती. हे सगळं मी पाहिलं, आणि त्या महिन्याची माझी फी त्याच माणसाने भरलेली होती.

तर प्रश्न असा आहे की आईचं वाक्य खरं आहे का. धंद्याला वाईट म्हणून माणसाला सोडवता येतं का?

वाक्याच्या बाजूने बरंच बोलता येतं. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९चा, आणि पुढच्या वर्षी राज्यभर संपूर्ण बंदी आली. मोरारजी देसाई गृहमंत्री होते. योगायोग असा की आमच्या शेजारचं उल्हासनगरही १९४९चंच. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधहून आलेल्या निर्वासितांना ठेवलं होतं, त्या कल्याण कॅम्पचं ‘उल्हासनगर’ हे बारसं त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते झालं. राजाजी स्वतः कट्टर दारूबंदीवाले, १९३७ मध्ये मद्रास प्रांताचे प्रमुख असताना त्यांनी सेलम जिल्ह्यात बंदी सुरू केली होती. म्हणजे ज्या वर्षी सरकारने लाखभर उघड्या पडलेल्या माणसांना एक गाव दिलं, त्याच वर्षी त्याच सरकारने त्या सगळ्या पट्ट्यात पिणाऱ्या प्रत्येकाला गुन्हेगार केलं. गिरणीतला, गोदीतला, कारखान्यातला माणूस संध्याकाळी जे करत होता ते करतच राहिला. फक्त आता त्याला ते भाऊसारख्याकडे जाऊन करावं लागलं. सुखवस्तू माणसाची सोय कायद्यातच होती: डॉक्टरची चिठ्ठी आणा, प्रकृतीसाठी लागते म्हणा, परमिट मिळवा. आपल्याकडे बारच्या पाटीवर आजही ‘परमिट रूम’ लिहिलेलं असतं ते त्या काळाचं उरलेलं शेपूट. कायदा अजून जिवंत आहे, आणि कागदावर पाहिलं तर परवान्याशिवाय महाराष्ट्रात दारू पिता येत नाही. वाचकांपैकी किती जणांकडे परवाना आहे, हे मी विचारत नाही.

या काळाने मुंबईला दिलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे वरदराजन मुदलियार. तुतिकोरिनकडून आलेला, व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा पोरगा. बंदीच्या काळात हातभट्टीच्या धंद्यात शिरला आणि धारावी-अँटॉप हिल-माटुंगा पट्ट्याचा धनी झाला. दक्षिणेतून आलेल्या झोपडीतल्या माणसाला रेशनकार्ड, नळ, वीज कोण मिळवून देणार? वरदाभाई. भांडण झालं तर निवाडा कोण करणार? तोच. माटुंगा स्टेशनबाहेरचा त्याचा गणपती बघायला सबंध मुंबई जायची. ऐंशीच्या दशकात पोलीस अधिकारी य. चं. पवार यांनी त्याच्या अड्ड्यांवर एकामागून एक धाडी घातल्या, तो मद्रासला गेला आणि १९८८च्या जानेवारीत तिथेच वारला. हाजी मस्तानने त्याचा देह विमानाने मुंबईत आणवला.

तिकडे शिकागोत अल कपोन. अमेरिकेची दारूबंदी १७ जानेवारी १९२० ला लागू झाली, त्या दिवशी त्याचा एकविसावा वाढदिवस होता. ब्रुकलिनच्या एका इटालियन न्हाव्याचा मुलगा. बंदी १९३३च्या डिसेंबरात उठली तेव्हा तो तुरुंगात होता, तोही खुनासाठी नव्हे, प्राप्तिकर बुडवल्याबद्दल, अकरा वर्षांची शिक्षा घेऊन. मधल्या काळात काय झालं ते सिनेमांनी सगळ्यांना सांगितलंच आहे. १४ फेब्रुवारी १९२९ ला एका गॅरेजात सात माणसांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या. मारणाऱ्यांपैकी काही जण पोलिसांच्या गणवेशात होते. कपोन त्या दिवशी फ्लोरिडात होता. त्या सात खुनांसाठी कुणालाही कधीच शिक्षा झाली नाही.

आता, बेकायदा धंद्यात हिंसा का येते याचं एक साधं उत्तर आहे, आणि ते बरोबरही आहे. किराणा दुकानदाराचे पैसे कुणी बुडवले तर तो कोर्टात जातो, निदान जाऊ तरी शकतो. भाऊ कुठे जाणार? साठ रुपये गेले म्हणून फौजदारी करणार? ज्या धंद्याला कोर्ट नाही त्या धंद्यात शब्द पाळायला लावायचं एकच साधन उरतं, माणसाचं शरीर. त्यात पुन्हा गणित असं की एकाचा हात शंभर जणांनी पाहिला तर नव्याण्णव हात वाचतात. म्हणून सकाळचे सात, म्हणून नळ. भाऊ रागावलेला नव्हता. मला हे नीट आठवतं, कारण मुलांना राग लगेच कळतो. तो एखादा माणूस दुकानाचं शटर उघडतो तसा आला होता.

इथपर्यंत आलं की आईचं वाक्य जिंकल्यासारखं वाटतं. धंद्याने माणसाला ते करायला लावलं. मोरारजींनी लावलं म्हणा हवं तर. मी कॉलेजात असताना हे फार आवडीने सांगायचो, ‘व्यवस्था’ वगैरे शब्द वापरून.

पण आमच्याच नाल्यापलीकडे एक म्हातारी होती. विधवा. काळा गूळ, नवसागर आणि दोन डबे एवढ्या भांडवलावर तीही भट्टी लावायची. तिचेही पैसे बुडायचे, तिलाही हवालदाराला द्यावे लागायचे, तिलाही कोर्ट नव्हतं. ती बुडव्यांना शिव्या घालायची, अशा घालायची की आम्ही पोरं मुद्दाम ऐकायला जायचो, आणि पुढच्या वेळी उधार द्यायची नाही. तिचा धंदा कधी वाढला नाही. मुंबईतही बंदीच्या काळात घराघरांतून दारू विकणाऱ्या कितीतरी बायका होत्या. ‘आंटी’ हा शब्द तिथूनच तर आला. कायदा त्यांच्यासाठीही तोच होता.

म्हणजे कायद्याने एक जागा रिकामी केली हे खरं. त्या जागेवर कोण येऊन बसलं हे कायद्याने ठरवलं नाही. कपोनच्या आधी शिकागोत त्याचा उस्ताद होता जॉनी टोरिओ. तो सौदे करून, इलाके वाटून धंदा चालवू पाहणारा. १९२५ मध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, तो कसाबसा वाचला आणि सगळं कपोनच्या हाती देऊन शिकागो सोडून गेला. टोरिओ काही संत नव्हता, त्याच्या नावावरही रक्त आहे. पण त्याला जावंसं वाटलं. कपोनला वाटलं नाही. धंदा तोच, शहर तेच, बंदी तीच. फरक कुठला?

मला वाटतं तो फरक पैशाचा नाही. कपोनच्या गालावर सुरीचे वण होते, तरुणपणी एका बारमधल्या भांडणात मिळालेले. तो सांगायचा, महायुद्धातली जखम आहे. युद्धात तो कधी गेलाच नव्हता. फोटो काढताना ती बाजू लपवायचा. ‘स्कारफेस’ म्हटलेलं त्याला खपायचं नाही. ज्याच्या नावाने शहर थरथरायचं त्या माणसाला एका गालाची लाज वाटायची, हे मला त्याच्या सगळ्या बंदुकांपेक्षा जास्त बोलकं वाटतं. त्याला लोकांनी आपल्याकडे विशिष्ट नजरेने पाहायला हवं होतं. १९३०च्या शेवटाला, मंदीच्या थंडीत, त्याने शिकागोत बेकारांसाठी फुकट जेवणाचं केंद्र उघडलं. त्याच सुमारास प्राप्तिकरवाले त्याच्या वह्या शोधत होते. लोक म्हणतात ते जेवण म्हणजे नाटक होतं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं तो मनापासून वाढत होता. वाढणारा हात आणि मारणारा हात एकच काम करत होते, हीच तर अडचण आहे.

परटाच्या बाबतीत पाहा. आपण सहसा भाऊसारख्या माणसाचा हिशोब दोन रकान्यांत मांडतो. डावीकडे मोडलेला हात, उजवीकडे प्लास्टर, औषध, माझी फी, आमचं धान्य. मग बेरीज-वजाबाकी करून म्हणतो, माणूस तसा वाईट नाही. पण ते रकाने वेगळे नाहीतच. पाइपचे फटके आणि रिक्षा हे एकाच सकाळचं एकच कृत्य होतं. दोन्हींचा मजकूर एकच: तुझं शरीर माझ्या मर्जीवर आहे. मी मोडीन, मी जोडीन. परटाला न्याय म्हणून औषध मिळालं नाही, मेहेरबानी म्हणून मिळालं. मेहेरबानी करण्यासाठी आधी समोरच्याला उघडं पाडावं लागतं, आणि उघडं पाडायचं काम भाऊच्या वाट्याला फारसं आलंही नाही, ते सरकारने, कारखान्याने, क्षयाने आधीच केलेलं होतं. वडील आजारी पडले तेव्हा कायद्याने त्यांच्या हक्काचं जे काही असेल ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. भाऊने पोतं पाठवलं.

हिंसेचं सुख असतं का, असा एक प्रश्न अशा माणसांबद्दल नेहमी विचारला जातो. काहींना असतं. भाऊला फटका मारण्यात सुख होतं असं मला दिसलं नाही. त्याला सुख झालं ते नंतर, परीट ‘भाऊ, उपकार झाले’ म्हणाला तेव्हा. तो चेहरा मी विसरलेलो नाही. ज्याचा हात आपण मोडला त्याच्याच तोंडून उपकार ऐकणं, यापेक्षा मोठी सत्ता कुठली? आमदाराला मिळते ती याच्यापुढे किरकोळ.

आमदारावरून आठवलं. आमच्या पट्ट्यात हे बोलताना एक नाव टाळता येत नाही, आणि टाळलं तर वाचक हसतील. पप्पू कलानी १९९० मध्ये उल्हासनगरातून आमदार झाले, पुढे टाडाखाली तुरुंगात असतानाही निवडून आले, आणि १९९० मध्येच झालेल्या इंदर भटिजा यांच्या खुनाबद्दल कल्याणच्या न्यायालयाने २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप सुनावली. खून आणि शिक्षा यांत तेवीस वर्षं. ही दारूची गोष्ट नाही. मी ती काढतो ती मतदारांसाठी. बाहेरचे लोक म्हणायचे, उल्हासनगरवाल्यांना अक्कल नाही. अक्कल होती. ज्या गावात तेवीस वर्षांनी निकाल लागतो त्या गावात, उद्या संध्याकाळपर्यंत कोण काम करून देईल हे माणूस बघणारच. माझी आई बघतच होती.

मणिरत्नमचा ‘नायकन’ १९८७ मध्ये आला, वरदराजन तेव्हा हयात होता आणि नायकाचं आयुष्य बरंचसं त्याच्यावरून घेतलेलं. पुढच्या वर्षी त्याचाच हिंदी ‘दयावान’. तमिळ सिनेमाच्या शेवटी नातू आजोबाला विचारतो की तू चांगला की वाईट, आणि त्याला उत्तर देता येत नाही. थिएटरात लोक रडतात. मीही रडलो आहे, कल्याणला, ‘दयावान’ला. पण आता वाटतं की प्रश्न चुकीच्या माणसाला विचारला गेला. नायकाला स्वतःचं उत्तर कधी मिळणारच नाही, कारण तो आपल्या देण्यातूनच स्वतःला पाहतो. प्रश्न घेणाऱ्यांना विचारायला हवा. मला विचारायला हवा.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बंदी म्हणजे निव्वळ मूर्खपणा, असं म्हणून मी सुटणार नाही. वर्धा १९७५ पासून आणि गडचिरोली १९९३ पासून कोरडे जिल्हे आहेत, आणि गडचिरोलीत ती मागणी मुंबईतल्या कुणा शुचिर्भूत गृहमंत्र्याची नव्हती, गावोगावच्या बायकांची होती. गावातलं दुकान बंद करायला बायकांनी मतदान करायचं, आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद, ही आपल्या राज्याची पद्धत मला तरी सुंदर वाटते. आईला मत द्यायला मिळालं असतं तर तिने बाटली आडवीच केली असती, भाऊला जेवायला बोलावून मग केली असती. तिच्या मनात दोन्ही गोष्टी शेजारी बसत.

शेजारी न बसणारी गोष्ट वेगळीच आहे. २०१५च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसं मेली. तिथे कुणी पाइप उचलला नव्हता. सकाळचे सात नव्हते, नळ नव्हता, कुणाचा चेहरा नव्हता. स्वस्त पडतं म्हणून कारखान्यात वापरायचं विष कुणीतरी पिण्याच्या मालात जाऊ दिलं. आणि हे फक्त गुंड करतो असंही नाही. १९२६-२७ मध्ये अमेरिकेच्या सरकारने औद्योगिक अल्कोहोल चोरून पिऊ नये म्हणून त्यातल्या विषाचं प्रमाण वाढवलं होतं, लोक ते पितात हे माहीत असताना. न्यूयॉर्कचे शवचिकित्सक चार्ल्स नॉरिस यांनी त्याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला. कायद्याच्या बाजूने मेलेल्यांना कुणी रिक्षा बोलावली नाही. भाऊच्या हिंसेला निदान भाऊचं तोंड होतं, असं कधीकधी मनात येतं, आणि मग परटाचा हात आठवून मी ते मनातून काढतो.

कारण हात नीट बसला नाही. कोपराखाली वाकडाच राहिला. तो डाव्या हाताने इस्त्री करायला शिकला. कोळशाची इस्त्री, चांगली सहा-सात किलोची. माझा शाळेचा पांढरा शर्ट दहावीपर्यंत त्या डाव्या हाताने इस्त्री केलेला असायचा, आणि तो शर्ट घालून मी ज्या वर्गात बसायचो त्यातल्या सहा महिन्यांची फी त्या पाइपवाल्याची होती. बाहीची घडी जरा तिरकी पडायची. आई म्हणायची, ‘राहू दे, त्याला काही बोलू नकोस.’

भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. आई जाऊन सहा. आजारपणात एकदा तिने विचारलं होतं, ‘भाऊचे पैसे आपण कधी दिले का रे?’ मी म्हटलं, ‘नाही, त्यांनी मागितलेच नाहीत.’ ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘परटाला तरी द्यायला हवे होते.’ हे ती पहिल्यांदाच बोलली.

परीट आता मुलाकडे असतो, बदलापूरला, पश्चिमेला. गेल्या वर्षी शोधत गेलो. लिफ्ट बंद होती, चौथ्या मजल्यावर चढून गेलो. ओळखलं त्यांनी. चहा झाला. ज्या मुलाला तेव्हा ताप आला होता तोच सून-नातवंडांसह तिथे होता, एमआयडीसीत नोकरीला. मी लिफाफा काढला आणि आईने सांगितलेलं सांगितलं. काकांनी लिफाफ्याकडे पाहिलं, घेतला नाही, ढकललाही नाही. म्हणाले, ‘तुझ्या आईला कसं कळलं नाही? भाऊंचा आणि माझा हिशोब नंतर झालेला. माझ्या भावाने खोली बळकावली होती ना, ती भाऊंनीच सोडवून दिली. मीच गेलो होतो त्यांच्याकडे. कोर्टात गेलो असतो तर अजून तारखा घेत बसलो असतो.’

मी विचारलं, ‘तुमच्या भावाचं काय केलं त्यांनी?’

ते डाव्या हाताने कप उचलून चहा प्यायले. ‘ते नाही विचारलं मी,’ म्हणाले.